"तुझ्या चेहऱ्यावर आनंद दिसत नाही": ही खूण नेमकी शोधायची कुठे?

मोहरी (धागालेखिका)

गेली काही वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

आई जाऊन चार महिने झाले. मंडळीतल्या (चर्चमधल्या) लोकांनी त्या दिवसांत आमच्यासाठी खूप केलं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कोणाचा गैरसमज व्हायला नको. गेल्या आठवड्यात बायबल अभ्यासाला गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय होता. आत्म्याचं फळ: प्रीती, आनंद, शांती आणि पुढचं सगळं. अभ्यास संपल्यावर मंडळीतल्या एका ज्येष्ठ बहिणींनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बाळा, चार महिने झाले. आता तुझ्या चेहऱ्यावर प्रभूचा आनंद दिसायला हवा. नाहीतर जगाला आपण काय साक्ष देणार?"

बोलण्यात कडवटपणा अजिबात नव्हता. म्हणूनच जास्त लागलं बहुधा. टाकून बोलल्या असत्या, तर रागावून मोकळी झाले असते.

घरी आल्यावर फिलिप्पैकरांस पत्र काढलं. चारच अध्याय, अर्ध्या तासात होतात. 'आनंद' दिसेल तिथे पेन्सिलने रेघ मारत गेले. डझनावर रेघा झाल्या. आणि लिहिणारा माणूस, प्रेषित पौल, बंदिवासात. म्हटलं, बहिणींचंच बरोबर आहे. पण दुसऱ्या अध्यायात पौलाचा सहकारी एपफ्रदीत याच्यापाशी अडखळले. तो आजारी पडून मरायला टेकला होता, देवाने त्याच्यावर दया केली, आणि पौल म्हणतो माझ्यावरही केली, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून. म्हणजे एक दुःख आधीचं आहेच, दुसऱ्याचा धसकाही घेतला होता, आणि हे त्याने लपवलेलं नाही. ज्या पत्रात आनंद करा म्हणतो, त्याच पत्रात लिहून टाकलंय.

आनंद ही ख्रिस्ती माणसाची खूण आहे, हे मला मान्यच आहे. पण ती दिसते कुठे? चेहऱ्यावर? आणि ज्या दिवशी काहीच घडत नाही, उठायचं, कामावर जायचं, परत यायचं, भांडी घासायची, अशा एखाद्या मंगळवारी तिचं काय होतं? अनुभव सांगा, अभ्यास सांगा, दोन्ही चालेल. उपदेश मात्र जरा कमी.

खडकावरचे_घर

मोहरीताई, आईबद्दल वाचून वाईट वाटलं. प्रभू तुमचं सांत्वन करो.

त्या बहिणींची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो. त्यांनी हे मनचं काढलेलं नाही. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा." फिलिप्पैकरांस ४:४ मधली ही आज्ञा आहे. आणि 'सर्वदा' या शब्दाला पळवाट नाही. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौल आणि सीला फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री देवाची गीतं गात होते. ते शहर फिलिप्पैच. म्हणजे पत्र वाचणाऱ्यांना ठाऊक होतं, की हा माणूस नुसतं सांगत नाही, याने आपल्याच गावात करून दाखवलंय.

दुसरं. आज आपण प्रत्येक खिन्नतेला कुरवाळतो. आरंभीच्या साधूंनी तसं केलं नाही. चौथ्या शतकात एवाग्रियुसने मनाला घेरणाऱ्या आठ कुविचारांची यादी केली, त्यात खिन्नता ही वेगळी नोंद आहे, लोभ आणि क्रोधाच्या पंक्तीला. १६४७ च्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीत (प्रोटेस्टंट धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेत) पहिलाच प्रश्न आहे, माणसाच्या जीवनाचा मुख्य हेतू काय. उत्तर: देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्यात आनंद मानणं. मुख्य हेतू! आवडीचा वैकल्पिक विषय नव्हे.

दुःख खरं असतं, मान्य. मीही माणसं पुरली आहेत. पण विश्वासणारा दुःखात बिऱ्हाड करत नाही.

तिरका_प्रश्न

मी विश्वासणाऱ्या घरात वाढलो, आता कुठेच जात नाही. तरी एक प्रश्न.

लहान मुलाला फोटोसाठी "हस बघू" म्हटलं की तो दात दाखवतो. ते हसू असतं का? आज्ञा देऊन माणसाला उभं करता येतं, गप्प बसवता येतं. आनंदी कसं करता येईल? आमच्या लहानपणी उपासनेनंतर कोणीही "कसं काय?" विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं: "प्रभूच्या कृपेने छान." घरी कर्ज, आजारपण, भांडणं, काहीही असो. मला तर शंका आहे, की आनंदाची खूण ठरवल्यामुळेच लोक खोटं बोलायला शिकतात.

थोरला_भाऊ

+१. "प्रभूच्या कृपेने छान" या वाक्यावर मी बालपणी एकदा खरं उत्तर दिलं होतं. वडिलांनी गाडीत बसल्यावर दुसरं उत्तर शिकवलं.

रिकामा_रांजण

मी धर्मशास्त्राचा पदवीधर नाही. एका निवृत्त पाळकांकडे तीन वर्षं ग्रीक शिकलो, तेवढ्या बळावर लिहितोय. लांबेल.

'आनंद करा' याला ग्रीकमध्ये 'खाइरेते' असा शब्द आहे. आनंद म्हणजे 'खारा', कृपा म्हणजे 'खारिस', एकाच मुळाची फांदी. पण गंमत वेगळीच आहे. 'खाइरे' हा त्या काळचा साधा नमस्कारसुद्धा होता. रस्त्यात भेटलं की म्हणायचा. शब्दशः 'आनंदी राहा', वापरात 'नमस्कार'. आपल्या भाषांतरांत प्रसंगाप्रमाणे वेगवेगळे शब्द येतात, त्यामुळे हा एकच शब्द आहे हे ध्यानातच येत नाही.

देवदूत गब्रिएल येशूच्या आईला, मरियेला, पहिला शब्द हाच म्हणतो. मग मत्तयाचे शेवटचे तीन अध्याय बघा. २६ व्यात येशूचा शिष्य यहूदा बागेत येतो, "खाइरे, रब्बी" म्हणतो आणि चुंबन घेतो. २७ व्यात शिपाई काट्यांचा मुगुट घालून गुडघे टेकतात, "खाइरे, यहूद्यांच्या राजा". २८ व्यात कबरेवरून घाबरत आणि आनंदत धावणाऱ्या बायकांना उठलेला येशू समोर येऊन म्हणतो, "खाइरेते". एकच शब्द. एकाने दगा देताना वापरला, दुसऱ्यांनी टर उडवताना, आणि तिसऱ्याने मरणातून परत आल्यावर. तेव्हा तिरकाराव, खोट्या आनंदाबद्दल तुम्ही जे म्हणता ते शुभवर्तमानाला आधीच ठाऊक आहे. ओठांवर आनंदाचा शब्द असणं ही विश्वासाची खूण असती, तर यहूदाही पास झाला असता.

आता मुख्य मुद्दा. मराठीत 'करा' म्हटलं की दोन अर्थ निघतात. 'तुम्ही सगळे करा' किंवा 'आपण करा', म्हणजे एकालाच, पण आदराने. बायबल एकट्याने वाचताना आपण नकळत दुसरा अर्थ घेतो. जणू पौलकाका समोर बसून मला म्हणताहेत, "बाई, तुम्ही आनंद करा." ग्रीकमध्ये हा घोटाळा होत नाही. एकाला सांगायचं तर 'खाइरे', अनेकांना 'खाइरेते'. ४:४ मध्ये 'खाइरेते' आहे. आज्ञा अख्ख्या मंडळीला आहे.

आणि त्या आधीची दोन वचनं कोणी वाचत नाही! युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांचं बिनसलेलं आहे. दोघींनीही सुवार्तेसाठी पौलाबरोबर श्रम केलेत. पौल तिसऱ्या माणसाला विनंती करतो, की यांना मदत कर. पुढचंच वाक्य, आनंद करा. लगेच त्यापुढचं, तुमची सौम्यता सर्वांना कळून येवो. सगळ्यांना दिसायला हवी म्हणून पौलाने इथे जी गोष्ट सांगितली ती सौम्यता आहे. मोहरीताई, चेहऱ्याचा उल्लेख त्या परिच्छेदात नाही, मी तीनदा शोधला.

खडककाका, एवाग्रियुसबद्दल सहमत, पण पुढे वाचा. त्याचा विचार पश्चिमेत नेणारा योहान कासियान खिन्नतेवर लिहिताना करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा सातवा अध्याय काढतो आणि दोन दुःखं वेगळी करतो. देवाजोगं दुःख माणसाला मऊ करतं. दुसरं त्याला आंबट, तुसडा, हताश करून सोडतं. वाईट यादीत हे दुसरं आहे. आईसाठी रडणं त्या यादीत बसत नाही.

अवांतर: थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं "सर्वदा आनंदित असा" हे वचन ग्रीकमध्ये दोनच शब्दांचं आहे. "येशू रडला" हे तिथल्या उपपदासकट तीन. दोन्ही पाठ करायला सारखीच सोपी. आपण पोरांना दोन्ही पाठ करायला लावतो आणि मोठेपणी एकच वापरतो.

पायवाट

वाचनखूण साठवली. 'करा'चं अनेकवचन डोक्यात राहणार.

पहाटवारा

रांजणदादांनी छान लिहिलंय. मला थोडं वेगळ्या बाजूने सांगायचंय. मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते आणि विश्वासणारी आहे, त्यामुळे हे वाक्य दोन्हीकडून ऐकते.

कशातच आनंद न वाटणं, आधी आवडणाऱ्या गोष्टींतूनही रस निघून जाणं, हे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे. दुसरं म्हणजे सतत उदास वाटणं. यांपैकी एक तरी असेल, जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा यांच्या तक्रारी असतील आणि हे सगळं दोन आठवडे जवळजवळ रोज चालू असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. आता विचार करा. एखाद्याला हा आजार झालाय, आणि त्याचं लक्षणच आपण त्याच्या अविश्वासाचा पुरावा म्हणून त्याच्यापुढे ठेवतो. दमेकऱ्याला "तुझा श्वास नीट चालत नाही, म्हणजे तुझ्यात आत्मा नाही" म्हणण्यासारखं झालं ते.

मोहरी, तुला नैराश्य आहे असं मी म्हणत नाही. आई गेल्यावर चार महिन्यांनी रडू येणं हा शोक आहे, आणि शोक कॅलेंडर बघून चालत नाही. लाटेसारखा येतो, मध्ये तासभर बरंही वाटतं. पण सकाळी उठावंसंच वाटत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही कर. त्यात विश्वासाला कमीपणा नाही.

विल्यम कूपरचं आयुष्य वाचा. अठराव्या शतकातला इंग्रज कवी. जॉन न्यूटनबरोबर त्याने १७७९ मध्ये जो गीतसंग्रह काढला, त्यातली गीतं आजही मंडळ्यांमध्ये म्हटली जातात. त्याला तीव्र नैराश्याचे झटके येत, त्याने जीव देण्याचेही प्रयत्न केले होते. १८०० मध्ये तो वारला, तोवर अंधार पूर्ण कधीच हटला नाही. चर्चमध्ये त्याची गीतं आनंदाने म्हणणाऱ्यांनी त्याचा चेहरा बघून त्याला नापास केलं असतं का?

आणि जुन्या करारातला संदेष्टा एलिया. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवला, आणि दुसऱ्याच अध्यायात झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणतोय. देवदूताने काय केलं? भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं, म्हणाला वाट तुला झेपण्याजोगी नाही. एकही उपदेश नाही. मी नवीन स्वयंसेवकांना आधी हाच अध्याय वाचायला देते.

खडकावरचे_घर

पहाटवाराताई, आजाराबद्दलचं मान्य. ते मी वेगळंच धरतो.

पण नहेम्या ८ चं काय? तिथे लोक रडत होते आणि लेव्यांनी त्यांना गप्प केलं. शोक करू नका, रडू नका, परमेश्वराचा आनंद हेच तुमचं बळ. देवाच्याच लोकांना, देवाच्याच सेवकांनी सांगितलेलं आहे हे.

गुलाबी_मेणबत्ती

काका, तो प्रसंग पूर्ण बघू या. लोक रडले ते एज्राने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं म्हणून. आपण किती चुकलो हे पहिल्यांदा उमगलं होतं त्यांना. घरी मयत झालं म्हणून ते रडत नव्हते. त्यांना थांबवलं, कारण तो दिवस पवित्र होता. आणि थांबवून सांगितलं काय? जा, गोडधोड खा, आणि ज्यांच्या घरी काही शिजलेलं नाही त्यांना ताट पाठवा. त्यानंतर येतं ते प्रसिद्ध वाक्य. आपण भिंतीवर टांगायला शेवटचं वाक्य घेतो, ताट पाठवायचं विसरतो. शिवाय तिथल्या 'बळ' या शब्दाचा हिब्रूमधला अर्थ गड, किल्ला असा आहे. गडावर माणूस आश्रयाला जातो. आधी आनंदी हो, मग गडाचा दरवाजा उघडू, असं कोणी म्हणत नाही.

मी कॅथलिक आहे, आमच्याकडचं थोडं सांगते. आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा) तिसरा रविवार 'गौदेते' म्हणून ओळखला जातो. लॅटिनमध्ये 'आनंद करा'. नाव आलंय त्याच फिलिप्पैकरांस ४:४ वरून. जांभळ्या मेणबत्त्यांमध्ये त्या दिवशी एक गुलाबी लावतात. (आयडीचं रहस्य उलगडलं!) उपासाच्या चाळीस दिवसांतही चौथा रविवार असाच असतो, 'लेतारे'. म्हणजे शोकाच्या काळाच्या ऐन मध्यात आनंदाचा एक दिवस ठेवलाय, आणि त्या दिवसानंतर पुन्हा जांभळा रंग येतो. लगेच सगळं गुलाबी होत नाही. अर्थात उपासाचे दिवस चाळीस आणि पुनरुत्थानाचा काळ पन्नास दिवसांचा, हा हिशेबही मला आवडतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये सुवार्तेच्या आनंदावर एक मोठं पत्र काढलं. त्यात ते म्हणतात, की सुवार्ता सांगणाऱ्याने मयताहून नुकतंच आल्यासारखं दिसू नये. हे वाक्य सगळीकडे फिरलं. पण त्याच पत्रात, या वाक्याच्या थोडंच आधी, त्यांनी स्पष्ट लिहिलंय, की आयुष्यात प्रत्येक वेळी आनंद सारखाच प्रकट होत नाही, मोठं दुःख सोसणाऱ्यांची खिन्नता आपण समजू शकतो. ते मात्र कुठे फिरलं नाही. आणि मोहरी तर खरंच मयताहून आली आहे हो!

मदर तेरेसांचं उदाहरण द्यायला मी बिचकते, कारण ते दोन्ही बाजू वापरतात. त्या गेल्यावर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची खासगी पत्रं पुस्तकरूपात आली. जवळजवळ पन्नास वर्षं देवाचं सान्निध्य जाणवतच नव्हतं, असं त्यात आहे. आणि जगाला दिसत होतं ते हसू. कोणी म्हणतं ढोंग. मला तसं वाटत नाही. समोरच्या मरणाऱ्या माणसाला हसू देणं हे त्याच्यासाठी होतं, स्वतःच्या मनःस्थितीचा अहवाल म्हणून नव्हतं.

तिरका_प्रश्न

शेवटचं वाक्य विचार करण्यासारखं आहे. पूर्ण पटलं नाही, पण ठेवून घेतो.

वाचनमात्र_नाही_आता

मी ख्रिस्ती नाही, धागा वाचताना एक प्रश्न पडला. आमच्याकडे आनंद हे ब्रह्माचं स्वरूपच मानतात, सत्-चित्-आनंद. म्हणजे तो आत आहेच, अज्ञानाचा पडदा दूर झाला की झालं. तुमच्याकडे 'फळ' म्हणतात. यात खरोखर फरक आहे की फक्त शब्दांचा?

रिकामा_रांजण

सुंदर प्रश्न. ही दोन्ही दारं जोडून पाहणारी माणसं होऊन गेली आहेत. ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मध्ये पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याला सच्चिदानंद म्हणून वंदन करणारं संस्कृत स्तोत्र रचलं. त्यामुळे भिंत आहे असं मी म्हणणार नाही.

तरी मला फरक जाणवतो तो असा. बायबलमधल्या आनंदाला जवळजवळ नेहमी दुसरं कोणीतरी लागतं. लूक १५ घ्या. मेंढरू सापडलं की मेंढपाळ शेजाऱ्यांना बोलावतो. नाणं सापडलं की ती बाई मैत्रिणींना बोलावते. मुलगा परत आला की बाप घरात मेजवानी मांडतो. एकट्याने आनंद करून कोणी स्वस्थ बसतच नाही. मध्ययुगातला धर्मपंडित थॉमस अक्विनास तर म्हणतो, आनंद हा स्वतंत्र सद्गुणच नव्हे, तो प्रीतीचा परिणाम आहे. प्रीती असेल तर तो मागून येतो. आवडत्या माणसाचं चांगलं झालं की होतो, आणि ते माणूस दूर गेलं की त्याच प्रीतीचं दुःख होतं. आईवर प्रेम होतं म्हणून आज रडू आहे. मूळ एकच.

फळ म्हटल्यावर ऋतू आले, पाणी आलं, वाट बघणं आलं. पेरणाऱ्याच्या दाखल्यात उलटंही उदाहरण आहे. खडकाळ जमिनीवरचा माणूस वचन 'लगेच आनंदाने' स्वीकारतो, आणि मूळ नसल्यामुळे संकट येताच अडखळतो. येशूने लगेचच्या आनंदाला तिथे फारसे गुण दिलेले नाहीत. आनंद ही खूण आहे, पण घाईघाईत वाचली तर फसवणारी.

थोरला_भाऊ

आता मंगळवारचं. मोहरीताईंच्या प्रश्नाचा तो भाग सगळ्यांनी सोडून दिलाय, ग्रीक सोपं पडतं म्हणून!

माझा आयडी लूक १५ मधल्या, घरीच राहिलेल्या त्या थोरल्या मुलावरून आहे. माझ्यासाठी आनंदाची परीक्षा दुःखात होत नाही, दुसऱ्याच्या सुखात होते. "रडणाऱ्यांबरोबर रडा" मला जमतं. त्याच वचनाचा पहिला अर्धा भाग, "आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा", तिथे घोडं अडतं. माझ्याच बरोबरीने लागलेल्या सहकाऱ्याला बढती मिळाली, मी अभिनंदन केलं, हात मिळवला आणि जागेवर येऊन त्याच्या जुन्या चुका मनात मोजत बसलो. संध्याकाळी प्रार्थनेत आभार मानायला बसलो तर शब्द फुटेना. शेतातून आलेला तो थोरला मुलगा गाणं-नाच ऐकून बाहेरच थांबतो ना, तसाच. वर त्याचा हिशेब पक्का: इतकी वर्षं तुमची चाकरी केली, मला एक करडूसुद्धा दिलं नाही. हे करडू माझ्या फार ओळखीचं आहे.

तर रोजच्या दिवसात मी एवढंच बघतो: आज दुसऱ्याच्या आनंदात मी आत गेलो की दाराबाहेर उभा राहिलो. आठवड्यातून दोनदा आत जातो. जास्त नाही.

अवांतर: तो थोरला शेवटी आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही. मला आयडी बदलायची संधी ठेवलीय बहुतेक.

पायवाट

थोरल्या भावाला जोरदार अनुमोदन.

मी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं करतो, सहा वर्षं झाली. मंगळवार काय, सगळे वार सारखेच. कूस बदलणं, पुसणं, भरवणं. यात आनंद वाटतो म्हणालो तर खोटं होईल. पण एक शिकलो. सुरुवातीला मी हे सगळं दात-ओठ खाऊन करायचो आणि मनात म्हणायचो, देवासाठी करतोय. वडिलांना माझे हात कळायचे. एक दिवस ते म्हणाले, "आज घाई आहे का तुला?" तेव्हापासून हात सैल सोडून करायला लागलो. रांजणदादांनी सौम्यतेबद्दल लिहिलंय, ते वाचून आज कळलं, की मी आनंद शोधत होतो आणि मला त्याच्या शेजारचं वचन सापडलं होतं.

कधी कधी मी भजनसंग्रहातलं काही गुणगुणतो. त्यांना शब्द आठवत नाहीत, पण बोटांनी ताल धरतात. त्या दोन-तीन मिनिटांना काय नाव द्यायचं ते तुम्ही ठरवा.

आणखी एक. दीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाला नाझींनी १९४३ च्या एप्रिलमध्ये पकडलं आणि दोन वर्षांनी, ९ एप्रिल १९४५ ला, फाशी दिली. तुरुंगातून १९४४ मध्ये त्याने एक कविता लिहिली. लोक म्हणतात मी कोठडीतून असा प्रसन्नपणे बाहेर येतो, जणू आपल्या वाड्यातून कोणी सरदार यावा. आणि मला माहीत असलेला मी? पिंजऱ्यातल्या पाखरासारखा अस्वस्थ. यातला खरा कोणता? हा प्रश्न तो सोडवत नाही. मी कोणीही असेन, देवा, तू मला ओळखतोस, मी तुझा आहे, एवढं म्हणून थांबतो. खूण कोणी वाचायची, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

खडकावरचे_घर

दोन दिवस लिहिलं नाही, वाचत होतो.

आनंद ही आज्ञा आहे हे माझं म्हणणं मी सोडत नाही. आज्ञा असली की मागे हटायला जागा राहत नाही, आणि माझ्या वाईट काळात मला त्याचाच आधार झाला होता. 'वाटत नाही' म्हणून मी प्रार्थना सोडली असती, तर आज इथे नसतो. पण 'करा' हे मी तीस वर्षं एकवचनी वाचत आलो. माझी पत्नी दुसऱ्या बाळंतपणानंतर वर्षभर उपासनेला गप्प बसून असायची. मी तिला हेच वचन ऐकवायचो, रोज सकाळी. पहाटवाराताईंचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण मोबाइल माझ्या हातातून घेऊन पुन्हा एकदा स्वतः वाचला.

एवढंच. पुढचं आमचं आम्ही बोलू.

पहाटवारा

काका, 🙏

मोहरी

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. एकेकाचं नाव घेत नाही, पण प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचलाय. पहाटवाराताई, झोपेचं तुम्ही लिहिलंत तसंच होतं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

काल प्रार्थनासभा होती. गेले. त्या बहिणींच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिथेच बसले. त्यांना म्हटलं, "काकू, माझ्याच्याने अजून गाणं होत नाही. तुम्ही म्हणा, मी ऐकते." त्यांनी नुसती मान हलवली.

आता हे सांगायला हवं, की माझी आई मंडळीत एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होती. पेटी सुरू व्हायच्या आधीच गीत उचलायची, आणि तेही असल्या वरच्या पट्टीत, की दुसऱ्या कडव्यापर्यंत पुरुष गप्प आणि तिसऱ्यापर्यंत बायकाही. कित्येक वर्षं तिला कोणी सांगितलं नाही. काल पेटीवाला आला नव्हता, म्हणून काकूंनी गीत सुरू केलं. कसं कोण जाणे, थेट त्याच पट्टीत. दुसऱ्या कडव्याला आवाज चिरकला. त्या थांबल्या, माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे काम तुझ्या आईचंच गं." मागून कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, मग मी. इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. काकू मात्र हसता हसता रडायला लागल्या. त्यांची नि आईची चाळीस वर्षांची ओळख. त्यांनाही चार महिनेच झालेत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

रात्री घरी आल्यावर पुन्हा रडले. आज सकाळी भांडी घासताना तेच गीत डोक्यात होतं, वरच्याच पट्टीत.

तिरका_प्रश्न

आणि तिसऱ्या कडव्याचं काय केलंत?

मोहरी

वाचून काढलं.